झिपूना, तापला, लाहोरी: पोंतोसच्या तीन बाहुल्यांच्या प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

संच तीन बाहुल्यांचा. तिन्ही पोंतोसच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रीक भाषिक ख्रिस्ती लोकांच्या. 30 जानेवारी 1923 च्या लोझानच्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानात सक्तीची अदलाबदल ठरली आणि हे लोक मुळासकट उचलले गेले. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, त्यांतले बरेच करार होण्याआधीच पळून आलेले होते. ग्रीसमधून 4 लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. कोणी जायचं हे धर्मावर ठरलं, भाषेवर नाही. म्हणून त्राब्झोनजवळच्या ओफच्या खोऱ्यात ग्रीकच बोलणारी मुसलमान गावं मागे राहिली आणि तिथे आजही ती बोली ऐकू येते.

पहिला नियम आजच लिहून ठेवतो. ‘पोंतोसची बाहुली’ अशी मोघम बाहुली करायची नाही. प्रत्येकीला एक ठिकाण आणि एक काळ हवा.

1. त्रापेझुंता (आजचं त्राब्झोन) शहरातली बाई, सणाच्या पोशाखात, 1910 च्या सुमाराची.
2. मात्सुका (आजचं माच्का) डोंगरपट्ट्यातला लिरा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारा पुरुष, त्याच काळातला.
3. थेसालोनिकीजवळ कालामारियाच्या क्वारंटाइनमधली बाई, 1923.

पर्यटकांच्या दुकानांत ‘ग्रीक बाहुली’ म्हणून मिळतो तो फुस्तानेला म्हणजे चुण्यांचा पांढरा घागरा घातलेला सैनिक किंवा एकोणिसाव्या शतकातल्या ग्रीसच्या राणी अमालियाच्या दरबारी पोशाखातली बाई. या लोकांच्या अंगावर त्यातलं काहीच नव्हतं. दुकानी बाहुलीच्या अंगावर झिपूना, म्हणजे पोंतोसच्या बायकांचा पुढून उघडा लांब झगा, चढवून काम भागत नाही. खांदे, कंबर, उभं राहणं, सगळंच वेगळं पडतं. त्यामुळे अंगापासून सुरुवात.

माप 1:6. बाई 27 सेंमी, पुरुष 29 सेंमी.

11 जानेवारी

अंगासाठी मांजरपाट. आधी गरम पाण्यात धुऊन आटवला, नाहीतर रंगवताना आटतो आणि हात आखूड होतात. चहात रंगवला: 1 लिटर पाणी, 4 चहाचे चमचे पूड, 1 चमचा मीठ, दहा मिनिटं उकळून गाळलं, कापड आठ मिनिटं बुडवलं. ओलं असताना जो रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर एक छटा फिका येतो, तेवढा गडद काढायचा.

शिवणीला 5 मिमी जागा, मशीनचा टाका 1.5 मिमी. मोठ्या टाक्यांतून भरताना कापूस डोकावतो. फायबरचा कापूस प्रत्येकी 40 ते 45 ग्रॅम, चिमटी चिमटीने, काडीने दाबून. मोठा गोळा एकदम कोंबला की मांडीत गाठी राहतात आणि त्या शाल्वारमधून दिसतात.

हातांत 2 मिमीची ॲल्युमिनियमची तार, टोकं वळवून बंद केलेली. पायांत जस्ताची तार. मान हा नेहमीचा दुबळा भाग: डोकं जड, गळा बारीक, महिनाभरात मान कलते. त्यासाठी 4 मिमी जाडीची, 6 सेंमी लांबीची बांबूची काडी डोक्याच्या मध्यापासून छातीपर्यंत घातली आणि तिच्याभोवती कापूस घट्ट ठासला. पहिल्या बाहुलीला तापलेचं, म्हणजे डोक्यावरच्या नाण्यांच्या चकतीचं, वजन पेलायचं आहे, तिच्यासाठी काडी 7 सेंमी.

डोक्याचा घेर 9.3 सेंमी. चेहरा भरतकामाने, दोऱ्याची एकच लड घेऊन. ओठांना दोन टाके, गालांना रंग नाही. तिसऱ्या चेहऱ्यावर मुद्दाम दुःख काढायचं नाही. तिघांचे चेहरे सारखेच शांत ठेवले आहेत. काय घडलं ते कपडे सांगतील.

19 जानेवारी

आतले कपडे. यांची नावं मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत: सदऱ्याला कामीस, विजारीला शाल्वार.

कामीस पांढऱ्या मलमलीचं, खांद्यापासून 17 सेंमी. शाल्वारला 15 × 14 सेंमीचे दोन तुकडे आणि मध्ये कळी. नेफ्यात नाडी म्हणून जाड दोरा ओवला. रबर घालायचा मोह आवरावा. दोन-तीन वर्षांत तो विरतो आणि कापडावर पिवळे डाग सोडतो.

हे सगळं झिपूनाखाली झाकलं जातं, तरी घालायचंच. झिपूना पुढून पूर्ण उघडी आणि दोन्ही बाजूंनी फाकलेली असते, त्यामुळे बाहुली जराशी वळवली तरी शाल्वार दिसते. काम करताना बायका पुढचे दोन पदर उचलून कमरेत खोचत. आपल्याकडे ओचा खोचतात तसंच.

2 फेब्रुवारी

झिपूना, पहिला प्रयत्न. फसला.

उस्मानी काळात या पट्ट्यांच्या झग्यांना रेशीम-सूत मिश्र सॅटिन वापरत. आपल्याकडे पाटणचं मश्रू त्याच जातीचं, म्हणून तेच घेतलं. रंग सुरेख, पण दोन गोष्टी चुकल्या. एक, पट्टी 4 मिमीची होती. सहापट केली की ती 2.4 सेंमी होते, म्हणजे बाईने खुर्चीचं कापड पांघरल्यासारखं दिसतं. या मापाला पट्टी दीड-पावणेदोन मिमीच्या वर नको. दुसरं म्हणजे कापड खाली पडेना. पदर पुठ्ठ्यासारखे अंगापासून लांब उभे राहिले.

याचं कारण सगळ्याच लहान पोशाखांना लागू आहे. माप एक-षष्ठांश केलं की कापडाचं क्षेत्रफळ छत्तिसावा भाग उरतं आणि वजनही तेवढंच उरतं. कापडाचा ताठपणा मात्र होता तसाच राहतो. पदराला खाली ओढायला वजनच राहत नाही. म्हणून खरं कापड हे बाहुलीसाठी खरं कापड नसतं.

9 फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न, बारीक पट्टीच्या पातळ रेशमी अस्तराचा. जमला. मापं अशी:

पाठ: लांबी 22 सेंमी, वर 9, खाली 11.
पुढचे दोन पदर: लांबी 22, वर 6, खाली 7.
बाजूचे काप: खालून वर 13 सेंमी.
बाही: लांबी 9.5, मुंढ्याजवळ 7, मनगटाला 5.

शिवणीची जागा यात धरलेली नाही. सगळीकडे 6 मिमी वाढवायची. रेशीम कापताच सुटायला लागतं. त्यावर उपाय: कापण्याआधी रेघेवर पांढरा गोंद 1 भाग आणि पाणी 3 भाग, बारीक कुंचल्याने. पट्टा 2 मिमीच ठेवायचा. एका बाहीवर तो 5 मिमी पसरला, तिथे रेशीम काळपट पडलं आणि धुऊनही गेलं नाही. ती बाही नव्याने कापली.

खालच्या काठाच्या आत 0.3 मिमीची तांब्याची तार ओवली. तिने थोडं वजन येतं आणि पदराला हवा तसा बाकही देता येतो. मग कपडा बाहुलीवर चढवून वाफ दिली आणि सुती पट्टीने सैलसर बांधून रात्रभर ठेवला. सकाळी पदर अंगाला धरून पडले होते.

काठाला जरीची 2 मिमीची दोरी. हिशेब: पाठीचा खालचा काठ आणि दोन काप मिळून 37 सेंमी, पुढचे दोन पदर 84, गळा 6, बाह्यांची तोंडं 10. एकूण 137, म्हणून दीड मीटर घ्यावी. दोरी काठावर ठेवून दर 3 मिमीला आडवा टाका. गोंदाच्या बंदुकीने चिकटवली तर काम दहा मिनिटांत होतं, पण पातळ रेशमातून गोंद पलीकडे फुटतो आणि काठ कडक होतो. आठ तास लागले तरी हाताचाच टाका.

16 फेब्रुवारी

स्पालेर, म्हणजे झिपूनाच्या उघड्या गळ्यात दिसणारा छातीचा तुकडा. 5 × 5.5 सेंमी, मागे बंद. गडद लाल रेशीम, खाली पातळ कॅनव्हास. वर फक्त जरीच्या दोन ओळी, कारण याच्यावर नाण्यांची माळ येते.

1 मार्च

तापला. डोक्यावर कललेली, नाण्यांनी मढवलेली गोल चकती, हनुवटीखाली फितीने बांधलेली. संपूर्ण संचात सगळ्यात आधी नजर इथेच जाते.

खऱ्या तापलेचा व्यास 15 सेंमी धरला, तर आपली 2.5 सेंमी. नाणी 3 मिमीची. तयार टिकल्या दोन कारणांनी टाकून दिल्या: त्या वाटीसारख्या खोलगट असतात आणि आरशासारख्या चकाकतात. नाणं सपाट असतं आणि हाताळून मऊ झालेलं असतं. 0.1 मिमी पितळी पत्रा घेऊन चामड्याच्या पंचाने 3 मिमीच्या चकत्या पाडल्या. खाली जाड चामडं ठेवलं तरच कड स्वच्छ येते. लाकडावर पाडल्या की कड वळते आणि दोरा कापते. प्रत्येकीला कडेजवळ सुईच्या टोकाने भोक, मग 600 नंबरच्या पॉलिश कागदावर दोन्ही बाजूंनी एकेक घासा.

तळ बुकरमचे दोन थर, वर लाल मखमल.

आज सुरुवात मधून केली, ही चूक. मधून बाहेर गेलं की प्रत्येक चकतीचं भोक आणि दोरा उघडा राहतो. चाळीस चकत्या लावल्यावर सगळं उसवलं.

2 मार्च

बाहेरच्या कडेपासून आत. भोक मध्याकडे ठेवायचं, पुढची ओळ मागच्या ओळीची भोकं झाकत जाते, कौलारू छपरासारखी. ओळीनुसार चकत्या: 36, 30, 23, 17, 11, 5 आणि मधोमध 1. एकूण 123. वाया जाणाऱ्या धरून 140 पाडाव्यात.

दोरा मेण लावलेला, आणि दर दहा चकत्यांनी गाठ. एकच दोरा शेवटपर्यंत नेला तर एका ठिकाणी तुटल्यावर अख्खी ओळ गळते.

तापला सरळ बसवली की ताट ठेवल्यासारखी दिसते. ती किंचित एका बाजूला कलती हवी, आणि तिच्याखालून केसांची कड दिसायला हवी.

9 मार्च

लाहोरी. कमरेला तिरकी घडी घालून गुंडाळायची चौकोनी शाल. नाव लाहोर शहरावरून आलं: काश्मिरी जातीच्या शाली ज्या बाजारपेठेच्या नावाने पश्चिमेला ओळखल्या गेल्या, ते नाव काळ्या समुद्राच्या काठावर कमरेच्या शालीला चिकटून राहिलं. पुरुषांच्या रेशमी कमरबंदाचंही तसंच. त्याचं तारापुलुझ हे नाव लेबनॉनकडच्या त्रिपोली शहरावरून आलेलं. पोंतोसचा पोशाख म्हणजे डोंगरात एकट्याने जपलेली वस्तू नव्हे. तो व्यापारी वाटेवर बसलेल्या लोकांचा पोशाख आहे, आणि हे कापडाच्या नावांतच लिहिलेलं आहे.

16 × 16 सेंमी, अतिपातळ लोकर. कर्ण 22.6 सेंमी, कमरेचा घेर कपड्यांसकट 15. गाठीला साडेसात सेंमी उरतात, पण खरी गाठ मारली की लिंबाएवढा गोळा होतो. त्यामुळे गाठ खोटी: शाल मागून पुढे आणून टोकं एकावर एक टाचली, वर त्याच कापडाची 1 सेंमीची पट्टी वळवून शिवली. त्रिकोणाचं टोक मागे, नितंबावर.

22 मार्च

पुरुष. झिप्का ही काळी विजार: वर, विशेषतः मागे, भरपूर चुण्यांची, आणि गुडघ्याखाली पायाला चिकटलेली. वरच्या भागाला 30 × 11 सेंमीचा आडवा तुकडा, कमरेला 12 सेंमीवर चुणून. पोटऱ्यांच्या नळ्या 8 सेंमी लांब, 7 सेंमी घेराच्या. दोन्ही एकाच तुकड्यात कापायचा प्रयत्न केला तर गुडघ्यामागे कापड साचतं. वेगळंच कापावं आणि शिवण चुण्यांच्या सावलीत लपवावी. चुण्या पुढे कमी, मागे जास्त. सारख्या वाटल्या की घागरा होतो.

शुद्ध काळं कापड वापरू नये. एवढ्याशा आकारात चुण्यांची सावली दिसतच नाही, नुसता काळा ठिपका राहतो. कोळशाच्या रंगाची पातळ लोकर घेतली.

डोक्याला पाश्लिक: 40 × 4 सेंमीची पट्टी, डोक्याभोवती गुंडाळून एका बाजूला गाठ, टोकं सुटी. आज पोंतोसच्या स्मरणदिनी (19 मे) नाचणाऱ्या पथकांत पुरुषाच्या छातीवर काडतुसांचे पट्टे आणि कमरेला खंजीर असतो. ते चुकीचं नाही, डोंगरातल्या लढवय्यांच्या छायाचित्रांतून तो वेष सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. पण हा माणूस गावच्या सणात वाजवायला बसला आहे. त्याच्या हातात लिरा आहे, तेवढी पुरे.

आजच तिसऱ्या बाहुलीची झिपूना शिवून झाली. पहिलीच्याच कापाची, पण कच्च्या रंगाच्या निळ्या सुताची. तिलाही पूर्ण जरीची दोरी लावली आणि गच्चीवर उन्हात टांगली. रोज दिशा बदलायची.

29 मार्च

लिरा. अरुंद, बाटलीच्या आकाराची, तीन तारांची. 56 सेंमी धरली तर 9.3 सेंमी. रुंदी वर 1.1, खाली 1.4, खोली 0.7. खरी लिरा लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरतात आणि वर पाइनची पातळ फळी बसवतात. आपण आतून 4 मिमीच कोरली. पहिली लाकडाच्या रेषेवर चिरली, कारण पटाशी रेषेच्या दिशेने ढकलली गेली. दुसरी आडवं खरवडत केली.

समोरची दोन लांबट भोकं तापवलेल्या सुईने. तारांना रेशमी दोरा, घोडीवर गोंदाचा एक थेंब. वादक गज दोन तारांवर एकदम टेकवतो, त्यातून चौथ्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर (सा-म सारखे) एकत्र चालतात. म्हणून गज दोन तारांना टेकलेलाच दाखवायचा. बसून वाजवताना वाद्य गुडघ्यावर उभं असतं, हनुवटीखाली नव्हे. हे चुकलं तर जाणकार दुसरं काही बघणार नाही.

12 एप्रिल

तिसरी बाहुली.

1923 मध्ये थेसालोनिकीला उतरलेल्यांना कालामारियाच्या काराबुर्नाकीला क्वारंटाइनमध्ये ठेवलं जाई. उवा आणि टायफस यांच्या भीतीने केस कापत, कपडे वाफेच्या भट्टीत घालत. आलेल्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसं जास्त होती. पुरुषांना आधीच मजूर तुकड्यांत घालून तुर्कस्तानच्या आतल्या भागात हाकललं होतं आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. म्हणून हिच्याशेजारी पुरुष ठेवायचा नाही. दुसऱ्या बाहुलीला तिच्यापासून दूर, वेगळ्या खणात उभं करायचं.

गरम वाफेत लोकर आटते, तेच इथे वापरलं. 20 सेंमीची शाल घेतली, कढत पाणी आणि साबण, दहा मिनिटं चोळली, मग थंड पाण्यात बुडवली. 16.5 सेंमी झाली, घट्ट आणि वेडीवाकडी. लाल रंग फुटून बदामी पट्ट्यात उतरला. आधी दुसरी करायचा विचार होता, मग तीच ठेवली.

झिपूना तीन आठवडे उन्हात होती. आज जरीची दोरी उसवली. टाका उलट बाजूने कापायचा, दोरी ओढायची नाही. दोरीखाली मूळचा गडद निळा तसाच राहिला आहे: फिक्या कापडावर 2 मिमी रुंदीची निळी रेघ, आणि तिच्या दोन्ही कडांना दर 3 मिमीला सुईची भोकं. पहिल्या बाहुलीच्या शेजारी ठेवली की एकाच कपड्याची दोन रूपं ओळखू येतात. जरी विकली गेली हे चिठ्ठीवर लिहायची गरज उरत नाही.

झीज हवी तिथेच: बाहीची तोंडं, कोपर, मागचा खालचा काठ, आणि पुढच्या पदरांचा खोचायचा भाग. 400 नंबरच्या कागदाने, कापड ताणून. सगळीकडे सारखं घासलं की ते फॅशनचं कापड दिसतं. पुढे फोता, पट्ट्यांचं साधं एप्रन. त्याला ठिगळ एकच, नीट हेमटाक्याने लावलेलं. या बायका शिवणकामात पक्क्या होत्या. गरीब दाखवायचं म्हणून त्यांचा टाका वेडावाकडा दाखवणं हा अपमान आहे.

पायांत विणलेले लांब मोजे, एक पांढरा, एक तपकिरी. 1 मिमीच्या सुयांवर, पोटरीला 24 टाके.

20 एप्रिल

केस. पहिल्या बाहुलीला दोन वेण्या: रेशमी दोऱ्याच्या 18 सेंमीच्या 60 लडी, मधोमध भांग म्हणून टाचलेल्या. तिसरीला केस लावले नाहीत. रंगवलेल्या मांजरपाटावर 2 मिमीचे तुटक टाके, एकाच लडीचे, सगळ्या दिशांनी. पहिल्यांदा टाके ओळीत पडले आणि टोपी विणल्यासारखं दिसलं. उसवून परत घातले. वर लेत्सेक, पातळ मलमलीचा रुमाल, कपाळापर्यंत ओढलेला.

हातात बोचकं, 3 सेंमी. आत कागद नाही, खरोखर घडी केलेलं कापड आणि लाकडाची 1.5 × 2 सेंमीची पाटी, म्हणजे देवाची रंगवलेली प्रतिमा आहे. पोंतोसच्या लोकांसाठी सगळ्यांत मानाची प्रतिमा त्राब्झोनजवळच्या सुमेला मठातली मरियमची. मठ सोडताना ती पुरून ठेवली होती, 1931 मध्ये काढून ग्रीसला आणली, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती वेरियाजवळ वेर्मियो डोंगरावर कास्तानियाच्या नव्या देवळात आहे.

4 मे

चिठ्ठ्या आणि बांधणी. ग्रीसमध्ये 19 मे हा पोंतोसच्या ग्रीकांच्या संहाराचा स्मरणदिन, त्याआधी संच मांडायचा आहे.

चिठ्ठीवर ठिकाणाचं त्या लोकांच्या तोंडातलं नाव आधी, आजचं नाव खाली. मग सुमाराचं वर्ष, मग कपड्यांची नावं बाहेरून आतल्या क्रमाने. ‘लोकवेशातील ग्रीक स्त्री’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी छापखान्यातून आली होती, ती परत पाठवली.

पितळी चकत्या घामाने हिरव्या पडतात, म्हणून तापला हाताळताना सुती मोजे. डांबरगोळ्या नकोत, जरी काळवंडते. वेखंडाची पुरचुंडी खणाच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकवता. जोड्यांखाली 3 मिमीची पितळी काडी, ती पायाच्या तारेला बांधलेली. कमरेला धरणारे तयार स्टँड लाहोरी चुरगाळतात.

तिसरीचं खोकं 4 सेंमी जास्त खोल घ्यावं लागलं, बोचक्याची गाठ दाबली जाऊ नये म्हणून. तिचा रुमाल शिवलेला नाही, मानेमागे एका बारीक टाचणीवर आहे. टाचणी डाव्या बाजूने काढायची आणि रुमाल मागे सरकवायचा.